गुलाबी रंग येईपर्यंत

सावली या तालुक्याच्या गावापासून आत, वैनगंगेच्या बाजूला, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेल्या एका गावातला प्रफुल गुरनुले कॉलेजसाठी चंद्रपूरला निघाला, तेव्हा घरचे सगळेच त्याला सोडायला फाट्यापर्यंत आले. वडील मुखरू यांनी पेटी खांद्यावर घेतली होती, आई चंदाबाईनं तांदळाची थैली, आणि मोठी बहीण उर्वशी हिनं त्याच्या कपड्यांची पिशवी. कपडे तिनंच निवडून घेतले होते. प्रफुल एकटा दुकानात गेला की काहीतरी भलतंच घेऊन यायचा, हे घरात सर्वांना ठाऊक होतं आणि त्यात कोणाला वावगंही वाटत नव्हतं. पोरगा अभ्यासात हुशार, बाकी बाबतीत जरा बावळट, असा त्याचा अर्थ घरानं लावून टाकला होता.

त्या बावळटपणाचे किस्सेही घरात ठरलेले होते. मिरची तोडाईच्या दिवसांत गावातल्या टोळ्या तेलंगणात जात. एका वर्षी शाळेला सुट्टी होती म्हणून चंदाबाई लहानग्या प्रफुललाही सोबत घेऊन गेली. लाल मिरची तेवढी तोडायची, हिरवी झाडावर ठेवायची, इतकं सोपं काम. पण संध्याकाळी त्याच्या टोपलीत निम्म्या हिरव्या निघाल्या. मुकादम चिडला आणि चंदाबाईनं सर्वांदेखत पोराच्या पाठीत धपाटा घातला. ध्यान कुठी असते तुहं, असं ती तेव्हा म्हणाली, आणि मग तेच वाक्य शाळेत, शेतात, बाजारात त्याच्या कानावर इतक्यांदा पडलं की आपलं ध्यानच नसतं हे त्यानं मनोमन मान्य करून टाकलं. त्यावर त्यानं आपल्यापुरते उपायही काढले. टोमॅटो दाबून पाहायचा. आंबा नाकाला लावायचा. रंगखडूवरचं नाव वाचून मगच चित्र रंगवायचा. त्याला वाटायचं, सगळे लोक असंच काहीतरी करत असतील. फक्त त्यांचं झटकन होतं आणि आपल्याला वेळ लागतो.

चंद्रपूरला आल्यावर पहिले काही आठवडे इतर पोरांना जो त्रास होतो तोच त्यालाही झाला. घरी दोन्ही वेळेला भात खाणारा हा पोरगा, मेसमध्ये दोन्ही वेळेला पोळ्या. पोट भरायचं, पण जेवल्यासारखं वाटायचं नाही. वर्गात सर इंग्रजीत बोलायचे, फळ्यावर इंग्रजीत लिहायचे आणि विनोदही इंग्रजीतच करायचे. सगळे हसले की हाही थोडा उशिरानं हसायचा. रस्ता ओलांडायचा म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. सिग्नलचा वरचा दिवा लागला की गाड्या थांबतात आणि खालचा लागला की सुटतात, हे त्यानं नीट पाहून ठेवलं होतं. वसतिगृहातला त्याचा सोबती राजदीप हा एटापल्लीकडचा. सूरजागडच्या डोंगरांतल्या लोखंडाच्या खाणींतून ट्रकांची रांग कशी उतरते आणि रस्त्यावरची लाल धूळ घरातल्या भांड्यांवर कशी बसते, हे तो रंगवून सांगायचा. प्रफुलला धूळ कळायची. लाल म्हणजे काय ते विचारायची त्याला कधी गरज वाटली नव्हती. राजदीप पहाटे उठून वनरक्षकाच्या भरतीसाठी धावायला जायचा. प्रफुलही त्याच्यासोबत धावायला लागला. डिग्री झाली तर झाली, नाहीतर जंगल खात्यात लागू, असा दोघांचा हिशेब होता.

हळूहळू इंग्रजी कानाला ओळखीची झाली, पोळ्याही अंगी लागल्या. गणितात तर त्याचा हात धरणारं वर्गात फारसं कोणी नव्हतं. अडलं ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत.

बारावीला त्याच्या शाळेत प्रयोग म्हणजे सरांनी टेबलावर करून दाखवायचा आणि पोरांनी आकडे उतरवून घ्यायचे. इथे प्रत्येकाच्या हातात काच आली. खालच्या चंबूत आम्ल, त्यात रंग दाखवणाऱ्या रसायनाचे दोन थेंब. वर उभी काचेची नळी, तिला ब्युरेट म्हणतात, तिच्यातून अल्कलीचा एकेक थेंब खाली सोडत राहायचा. एका थेंबाला चंबूतलं पाणी फिक्कं गुलाबी होतं. तिथे तोटी बंद करायची आणि नळीवरचा आकडा वाचायचा. सुरुवातीला हे जोडीनं करायचं होतं आणि प्रफुलच्या वाट्याला जोडीदार आली रूही शेख. चंद्रपूरचीच मुलगी, बोलायला मोकळी, कामाला चलाख. प्रफुल तोटी धरायचा, रूही चंबू हलवायची आणि एका क्षणी म्हणायची, "बस, आलं."

तो तोटी बंद करायचा. काय आलं, ते त्याला दिसायचं नाही. पाणी होतं तसंच असायचं. पण रूही म्हणते म्हणजे आलं असणार, आणि आपलं ध्यान नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रॅक्टिकल घेणाऱ्या गेडाम मॅडमनी सांगितलं की आता प्रत्येकानं प्रयोग एकट्यानं करायचा. तिथून प्रफुलचे हाल सुरू झाले. तो चंबूवर डोळे रोखून बसायचा, पापणी लवू द्यायचा नाही. थेंबामागून थेंब जायचे. बाजूच्या टेबलांवरची पोरं आकडा लिहून मोकळी व्हायची आणि हा अजून पाहतोच आहे. शेवटी चंबूतलं पाणी चांगलं गडद व्हायचं तेव्हा कुठे काहीतरी बदलल्यासारखं वाटायचं. तोवर नळी निम्मी रिकामी झालेली असायची. त्याचे आकडे सगळ्या वर्गाहून वेगळे यायचे. क्षारांच्या परीक्षणात तर आणखीच पंचाईत. ज्योत विटकरी दिसते की हिरवी, यावरून धातू ओळखायचा होता. प्रफुल अंदाजानं ठोकून द्यायचा. कधी बरोबर यायचं, बहुतेक वेळा चुकायचं. प्रयोगशाळेतले सुकलूभाऊ बाटल्या आवरताना एकदा त्याला म्हणालेही, की बाबू, जरा मन लावून करत जा गा.

मन तर तो इतकं लावत होता की प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी त्याला जेवण जायचं नाही.

अशात एका शनिवारी त्यानं जे करू नये ते केलं. ब्युरेट भरली, चार थेंब सोडले आणि रूहीच्या वहीतला आकडा थोडा फिरवून आपल्या वहीत लिहिला. गेडाम मॅडम नेमक्या त्याच वेळी टेबलांमधून फिरत आल्या. कडक बाई, पण उगाच कोणाला बोलणाऱ्या नव्हेत. त्यांनी वहीतला आकडा पाहिला, मग नळीतली पातळी पाहिली. दोन्हींचा काही मेळ बसत नव्हता.

"चुकलेलं रीडिंग मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "खोटं रीडिंग मला चालणार नाही. हे सायन्स आहे. सोमवारी वडिलांना घेऊन ये."

सगळा वर्ग ऐकत होता. प्रफुल मान खाली घालून उभा राहिला. चुकलं की बावळट म्हणवून घेण्याची त्याला सवय होती; खोटारडा त्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

वसतिगृहावर येऊन त्यानं वडिलांना फोन लावला नाही. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालू असताना मुखरू काम टाकून येणार, स्वच्छ सदरा घालून मॅडमसमोर हात जोडून उभे राहणार, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्यापेक्षा आपणच जावं, असं त्यानं ठरवलं. सायन्स आपल्या डोक्याचं काम नाही, घरी शेती करू, भरतीसाठी धावू. पिशवी भरताना मात्र त्यात रूहीचं पुस्तक निघालं. दुसऱ्याचं पुस्तक घेऊन पळून गेला, एवढी एक गोष्ट आणखी कोणी बोलायला नको, म्हणून बसस्टँडला जाण्याआधी तो ते परत द्यायला निघाला. रूहीच्या आईचं बाजारात बांगड्यांचं दुकान आहे, हे त्याला माहीत होतं.

तुळशीचं लग्न उरकलं होतं आणि लग्नसराई सुरू झाली होती. दुकानात बायकांची ही गर्दी. रूही जेवायला घरी गेली होती. तिची आई खैरुन गादीवर बसून एका नवरीच्या हातात चुडा भरत होती. माजरीकडून आलेलं वऱ्हाड होतं. नवरीची आई, मावशी, दोन-तीन पोरी. खैरुननं नवरीचा पंजा दाबून धरला होता, म्हणून तिला स्वतःला उठता येत नव्हतं. प्रफुलनं नाव सांगितल्याबरोबर ती म्हणाली की रूही येतेच आहे, थांब, आणि तोवर तुझ्या पाठीमागच्या फळीवरच्या हिरव्या बांगड्या तेवढ्या इकडे दे.

फळीवर बांगड्यांचे डबे उघडे मांडलेले होते. प्रफुलनं एक उचलून दिला.

"ह्या काय काथाच्या रंगाच्या देऊन राह्यला?" नवरीची मावशी म्हणाली. "नवरीले हिरव्या लागतात बाप्पा."

प्रफुल कसनुसा हसला, डबा परत ठेवला आणि दुसरा दिला. पोरी खिदळल्या. दुसऱ्यातही तशाच तपकिरी होत्या, थोड्या गडद. नवरीच्या आईचा चेहरा आंबट झाला. खैरुन मात्र हसली नाही. तिनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, नवरीचा हात सोडला, स्वतः उठून डबा घेतला आणि त्याला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायला सांगितलं. प्रफुलला तिथून उठून पळावंसं वाटत होतं, पण पुस्तक अजून हातातच होतं.

वऱ्हाड गेल्यावर खैरुननं गादीवर पांढरा रुमाल पसरला. त्यावर दोन बांगड्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"बेटा, यातली हिरवी कोणती?"

प्रफुलनं वाकून पाहिलं. एक जरा जास्त चमकत होती. तो चमकणारीकडे बोट नेणार होता, तेवढ्यात खैरुननं हळूच विचारलं, "दोन्ही एकसारख्याच दिसतात ना तुला?"

आजवर त्याला ध्यान कुठे आहे असं हजारदा विचारलं गेलं होतं. तुला कसं दिसतं, हे कोणी विचारलंच नव्हतं. त्यानं खैरुनकडे पाहिलं. ती चिडलेली नव्हती, गंमतही करत नव्हती.

"हो," तो म्हणाला. "एकसारख्याच आहेत ना?"

"नाही बेटा. मला नाहीत दिसत एकसारख्या. बहुतेक कोणालाच नाहीत दिसत."

मग तिनं आपल्या धाकट्या भावाची गोष्ट सांगितली. गफ्फार त्याचं नाव. त्याला रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं. लेखी परीक्षा पास झाला, शरीरानं धडधाकट, आणि शेवटी डोळ्यांच्या तपासणीत त्याच्यापुढे ठिपक्यांची चित्रं ठेवली. प्रत्येक चित्रात एक आकडा होता, तो याला दिसेचना. तिथून त्याला परत पाठवलं. लहानपणी हा गफ्फार दुकानात बसला की लाल-हिरव्याची खिचडी करून ठेवायचा आणि अब्बांच्या हातचा मार खायचा. डोळ्यांतच तसं आहे, हे अब्बांना तेव्हा कळलं. आता बल्लारपूरला त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, खैरुन म्हणाली, बायको-पोरं आहेत, मजेत आहे. रेल्वेचं तेवढं त्याच्या मनात राहून गेलं.

एवढ्यात रूही आली. प्रफुलची भरलेली पिशवी तिच्या आधी नजरेला पडली, आणि कॉलेज सोडून घरी निघालो, हे त्यानं सांगून टाकलं. अम्मीनं काय झालं ते सांगितल्यावर तिनं मोबाईल काढला, ठिपक्यांचं एक चित्र शोधलं आणि त्याच्यासमोर धरलं. त्यात काय लिहिलंय, तिनं विचारलं. ठिपके आहेत, तो म्हणाला. तिनं दुसरं दाखवलं, तिसरं दाखवलं. रूही बोटानं आकडा गिरवून दाखवत होती आणि प्रफुलला तिच्या बोटाखाली नुसते ठिपकेच दिसत होते.

त्यानं स्वतःच्या बोटानं तोच आकडा गिरवून पाहिला. मग म्हणाला, "ते गुलाबी. तुले खरंच दिसते?"

"दिसतं रे," रूही म्हणाली. "एका थेंबात येतं. मला वाटायचं तुझं लक्ष नसतं."

घरी जायचं की नाही ते तू ठरव, खैरुन म्हणाली, पण आधी सोमवारी सरकारी दवाखान्यात डोळे दाखव. गफ्फारला हे वेळेवर कळलं असतं तर त्यानं भलत्या दारात वर्षं घालवली नसती. मग तिनं त्याला जेवायला बसवलं. त्या दिवशी रूहीनं घरून आणलेल्या डब्यात दालचा, म्हणजे चिंचेची आंबट डाळ, आणि भात होता. प्रफुलनं पोटभर खाल्लं आणि पिशवी उचलून वसतिगृहाकडे परत गेला.

सोमवारी रूही त्याच्यासोबत दवाखान्यात आली. डोळ्यांच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी ठिपक्यांची चित्रं एकामागून एक पुढे ठेवली, रंगीत गोट्या ओळीनं लावायला सांगितल्या. लावून झाल्यावर ओळीकडे पाहून रूहीनं ओठ दाबले, तेव्हाच प्रफुल काय ते समजला. लाल आणि हिरवा हे रंग त्याच्या डोळ्यांना वेगळे करता येत नाहीत, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. जन्मापासूनच असं असतं. औषध नाही, पण हे वाढतही नाही. चष्म्याच्या नंबराशी याचा संबंध नाही, आणि बुद्धीशी तर मुळीच नाही. पुरुषांमध्ये हे पुष्कळ आढळतं. बहुतेकदा आजोबांकडून आईच्या मार्गानं नातवाकडे येतं.

प्रफुलनं एकच गोष्ट विचारली. ध्यान देऊन पाहिलं तर दिसेल का?

"नाही," त्या म्हणाल्या. "कितीही ध्यान दिलंस तरी नाही. आणि तो तुझा दोष नाही."

बाहेर आवारात लिंबाच्या झाडाखाली दोघं थांबले. रूहीला वाटलं हा आता रडेल. प्रफुलला हसू येत होतं. छातीवर कोणीतरी कधीपासून ठेवून दिलेला धोंडा उचलून घ्यावा तसं त्याला मोकळं मोकळं वाटत होतं. त्यानं गाड्यावरून दोघांसाठी आलूबोंडे घेतले, आणि खाता खाता तो तिला एकेक वस्तू दाखवून रंग विचारत राहिला: ही ओढणी कोणत्या रंगाची, तो बोर्ड कोणता, हे पान आणि ती वीट खरंच वेगळी दिसतात का. रूही उत्तरं देता देता दमली.

गेडाम मॅडमच्या खोलीशी येताच मात्र तो घुटमळला. मॅडमनी डॉक्टरांनी लिहून दिलेलं वाचलं, खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"मलेच माहीत नव्हतं मॅडम," तो म्हणाला. "मले वाटे, सगळ्यायले असंच दिसते."

मॅडमनी कागदाची घडी घालून तो त्याला परत दिला. मग म्हणाल्या की रीडिंग खोटं लिहिलंस ते चुकलंच, त्याची माफी नाही. पण मी तुला खोटारडा ठरवलं ते सर्वांसमोर, आणि त्यामागचं कारण शोधलं नाही, ते माझं चुकलं. वडिलांना आणायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलच्या सुरुवातीलाच त्यांनी ते वर्गासमोर सांगितलं, थोडक्यात, काही न वाढवता, आणि लगेच कामाला लागल्या.

व्यवस्था साधी होती. मोजमाप, द्रावण, गणित सगळं प्रफुलनं करायचं. रंग आला की तेवढं शेजारच्यानं सांगायचं. विभागप्रमुखांशी बोलून मॅडमनी परीक्षेसाठीही तशी परवानगी मिळवली. शिवाय त्यांनी कपाटातून आम्लता मोजायचं एक यंत्र काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. याला रंग लागत नाही, आकडा लागतो, त्या म्हणाल्या. आकड्यांशी तर प्रफुलची जुनीच दोस्ती. थेंब टाकायचा, आकडा लिहायचा, त्यांचा आलेख काढायचा. जिथे रेघ एकदम वर चढते तिथे बाकीच्यांना गुलाबी दिसतं. पहिल्यांदा त्याच्या कागदावर ती रेघ तशी चढली तेव्हा रूहीनं आपला चंबू सोडून त्याचा आलेख पाहिला, आणि दोघांचा आकडा जवळजवळ एकच निघाला.

सगळंच गोड झालं असं नाही. वर्गातल्या पोरांना नवा खेळ मिळाला. जो तो शर्ट पुढे करून रंग विचारायचा. प्रफुल सुरुवातीला चिडला, मग मुद्दाम उलटसुलट उत्तरं द्यायला लागला, आणि पोरांचाच रस संपला. राजदीपला सांगणं मात्र जड गेलं. वनरक्षकाच्या भरतीत डोळ्यांची तपासणी असते, हे दोघांनाही ठाऊक होतं. राजदीपनं ऐकून घेतलं आणि विचारलं की मग उद्यापासून धावायला येशील की नाही. प्रफुल म्हणाला, येईन. पहाटेची सवय झाली आहे.

घरी मात्र त्यानं फोनवर काही सांगितलं नाही. समोर बसून सांगावं असं त्याला वाटलं. चुरणी आटोपल्यावर एका रविवारी तो सावलीच्या बसनं गेला. अंगणात धानाच्या पोत्यांची थप्पी लागली होती. जेवण झाल्यावर त्यानं सगळं सांगितलं: मॅडम, बांगड्या, दवाखाना. मुखरू ऐकता ऐकता हसायला लागले. पोळ्याला ह्यानं बैलाची शिंगं रंगवली तेव्हा एक शिंग हिरवं आणि एक मातकट झालं होतं आणि गावभर त्याची चर्चा झाली होती, ते त्यांना आठवलं. तरीच म्हणतो, तरीच म्हणतो, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. उर्वशीही हसली.

चंदाबाई हसत नव्हती. हे आईच्या बाजूनं येतं, एवढं तिच्या कानात अडकलं होतं.

"म्हंजे माह्याकडून आलं तुले?"

प्रफुलनं डॉक्टरांनी सांगितलं तसं समजावलं, की तुझ्याकडून म्हणजे तुझ्यात दोष नाही. तुझ्या वडिलांच्या डोळ्यांत असेल, ते तुझ्यामार्फत मला मिळालं.

चंदाबाई उठता उठता पुन्हा खाली बसली. तिचे वडील लटारू. प्रफुलनं आपल्या आजाला पाहिलंच नव्हतं, पण त्याच्याबद्दल ऐकलं होतं ते एकच, की माणूस आळशी होता. गावच्या टोळ्या मिरचीला निघाल्या की लटारू घरी राहायचा. बायको परगावी जाऊन राबायची, लहानगी चंदाही तिच्यासोबत राबायची, आणि बाप गावात बसून सुंभ वळायचा. लोक तोंडावर बोलायचे. तो ना भांडायचा, ना उत्तर द्यायचा. त्याच्या शेवटच्या आजारपणातही चंदाबाईच्या मनातून ती अढी गेली नव्हती.

"एक साल गेला होता तो," ती म्हणाली. "मी लहान होती. मुकादमानं त्याची टोपली साऱ्यायसमोर उलटी केली. मंग कधीच नाई गेला."

मुखरूंनी पाण्याचा लोटा तिच्यापुढे सरकवला. चंदाबाई पदर तोंडाला लावून रडली, फार नाही, पण पोटातून. मग डोळे पुसून तिनं प्रफुलला जवळ बोलावलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"त्याले दिसतच नव्हतं रे," ती म्हणाली. "माह्या बापाले दिसतच नव्हतं."

त्याच आठवड्यात ती माहेरी जाऊन आली. तिथे तिनं भावांना, वहिन्यांना आणि ज्यांनी ज्यांनी लटारूला नावं ठेवली होती त्यांपैकी जे हयात होते त्या सर्वांना घरोघर जाऊन ही गोष्ट सांगितली. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं तिला नीट सांगता आलं नाही, पण मुद्द्याबद्दल तिनं कोणाच्याही मनात शंका राहू दिली नाही. परत आली ती हलकी होऊन आली, असं उर्वशी फोनवर सांगत होती. चालताना गाणं गुणगुणते, म्हणाली.

सत्राची परीक्षा थंडीत आली. प्रॅक्टिकलच्या दिवशी रूहीची तुकडी सकाळची आणि प्रफुलची दुपारची निघाली, तेव्हा रंग सांगायला मॅडमनी सुकलूभाऊंना उभं केलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांना आधीच कल्पना दिलेली होती. सुकलूभाऊ इतके गंभीर झाले होते जणू परीक्षा त्यांचीच आहे. दोन्ही हात पाठीमागे बांधून ते चंबूवर नजर रोखून उभे राहिले. प्रफुलनं तोटी हळूच सोडली. एक थेंब, आणखी एक, आणखी एक. वर्गात काचेचे आवाज तेवढे येत होते.

"आला बाबू," सुकलूभाऊ म्हणाले.

प्रफुलनं तोटी बंद केली आणि आकडा लिहिला. परीक्षकांनी तोंडी प्रश्न विचारले. हे गुलाबी का होतं, हेही विचारलं. ते त्याला पाठ नव्हे, समजलेलं होतं. त्यानं मराठीत सुरुवात केली, मधे इंग्रजीत गेला, पुन्हा मराठीत आला, आणि परीक्षक मान डोलवत पुढच्या टेबलाकडे गेले.

कॉलेजच्या फाटकाबाहेर रूही थांबली होती. कसं गेलं, तिनं विचारलं. चांगलं गेलं, तो म्हणाला, आणि दोघं चहाच्या टपरीकडे वळले. वसतिगृहावर येऊन तो बूटही न काढता खाटेवर आडवा झाला आणि त्याला अशी गाढ झोप लागली की राजदीपनं दोनदा हाक मारली तरी तो हलला नाही. शेवटी राजदीपनं त्याचे बूट काढून खाटेखाली सरकवले, अंगावर चादर टाकली आणि दार ओढून घेऊन तो एकटाच मेसकडे गेला.